लॉर्ड डनग्लासचे दहा सामने आणि फॉरवर्डमधला 'भावी कर्णधार'

क्रिकेटवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा उगवतो. त्याचा गोषवारा असा: 'ब्रिटनचे माजी पंतप्रधान सर अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम हे प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले जगातले एकमेव पंतप्रधान. विद्यार्थिदशेत ऑक्सफर्डचे ब्लू. मिडलसेक्सचे हुकमी अष्टपैलू. इंग्लंडकडून परदेशात तीन आंतरराष्ट्रीय सामने. सहा-सहा संघांना ते हवे होते. पण पाठीच्या क्षयाने आणि राजकारणाने इंग्लंड एका भावी कर्णधाराला मुकलं. त्यानंतर त्यांनी क्रिकेटकडे वळूनही पाहिलं नाही आणि त्यांच्या खेळाच्या नोंदीही आज सापडत नाहीत.' खाली हात जोडलेली खूण आणि 'आपल्या नेत्यांपर्यंत पोचवा' अशी विनंती.

माणूस खरा आहे, पंतप्रधानपद खरं आहे, क्रिकेटही खरं आहे. पण एवढ्या मोठ्या कौतुकात एकही आकडा नाही, हे पाहा. क्रिकेटपटूची थोरवी गाताना धावा आणि बळी गाळले असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय असं खुशाल समजावं. म्हणून आधी आकडे. १९२४ ते १९२७ या काळात दहा प्रथम श्रेणी सामने. एकूण १४७ धावा, सरासरी १६.३३, सर्वोच्च नाबाद ३७. गोलंदाजीत १२ बळी, सरासरी ३०.२५, सर्वोत्तम कामगिरी ४३ धावांत ३. झाली कारकीर्द. अर्धशतक नाही, डावात पाच बळी नाहीत. (१२ गुणिले ३०.२५ केलं की त्याने दिलेल्या धावा निघतात ३६३. पुढे तो पंतप्रधानपदावर राहिला तेही बरोबर ३६३ दिवस. याला अर्थ काही नाही, पण आकड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला असलं काही सापडलं की तो चार जणांना सांगितल्याशिवाय राहत नाही.)

आता एकेक दावा घेऊ.

'जगातले एकमेव पंतप्रधान'

ब्रिटनचे एकमेव, हे बरोबर. डाऊनिंग स्ट्रीटवर राहून गेलेल्यांमध्ये प्रथम श्रेणी सामना खेळलेला दुसरा कुणी नाही. 'जगातले' हा शब्द कुणीतरी मागाहून चिकटवला आहे, आणि तो एका झटक्यात पडतो, कारण इम्रान खान. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला इम्रान आठवू नये हे नवलच, कारण इम्रान नुसता पंतप्रधान झाला असं नाही, तोही ऑक्सफर्डचाच. १९७३ ते १९७५ अशी तीन वर्षं ब्लू आणि १९७४ मध्ये विद्यापीठाचा कर्णधार. म्हणजे 'ऑक्सफर्डकडून खेळून पंतप्रधान झालेला' असा निकष लावला तरी ह्यूम एकटे उरत नाहीत.

पाकिस्तानातलंच दुसरं नाव नवाझ शरीफ. त्यांच्या नावावर एक प्रथम श्रेणी सामना आहे, १९७३-७४ च्या हंगामातला, रेल्वेकडून पीआयए, म्हणजे पाकिस्तानी विमान कंपनीच्या संघाविरुद्ध. भोपळाही फोडला नाही, पण यादीत नाव आहे ते आहे. फिजीचे पहिले पंतप्रधान कामिसेसे मारा हे फिजीच्या संघातून १९५३-५४ च्या न्यूझीलंड दौऱ्यात प्रथम श्रेणी सामने खेळले होते. शिकायला तेही काही काळ ऑक्सफर्डला होते.

आणि या सगळ्यांच्या आधीचे फ्रान्सिस बेल. १८७० च्या दशकात वेलिंग्टनकडून खेळलेले हे गृहस्थ मे १९२५ मध्ये जेमतेम दोन आठवडे न्यूझीलंडचे पंतप्रधान होते. १९२५! तेव्हा आपला नायक अजून विद्यापीठात शिकत होता. म्हणजे तो पहिलाही नाही. त्याचं क्रिकेट संपायच्या आधीच हा मान दुसऱ्याने घेऊन झाला होता.

'विद्यार्थिदशेत ऑक्सफर्डचे ब्लू'

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या संघातून हंगामभर कितीही सामने खेळलात तरी ब्लू, म्हणजे विद्यापीठाचा खेळातला मान, मिळत नाही. जुलैच्या सुमारास लॉर्ड्‌सवर दोन विद्यापीठांचा आपसातला सामना होत असे. १८२७ पासूनची ही परंपरा. त्या सामन्याच्या अकरांत निवड झाली तरच ब्लू. ह्यूमला तो कधीच मिळाला नाही.

इथे एक खुलासा करायला हवा, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्या काळात स्कोअरकार्डावर त्याचं नाव ह्यूम नव्हतंच. आजोबा १९१८ मध्ये वारले, वडील तेरावे अर्ल (वंशपरंपरेने मिळणारी सरदारकी) झाले आणि थोरल्या मुलाला रिवाजाप्रमाणे 'लॉर्ड डनग्लास' म्हणू लागले. शाळेत, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात, मैदानावर, सगळीकडे तो डनग्लास. म्हणून क्रिकेटविषयी बोलताना मीही तेच नाव वापरतो.

डनग्लासची गंमत अशी की तो ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला ते ऑक्सफर्डच्या विरुद्ध. मिडलसेक्स या काउंटीकडून त्याचे दोनच सामने आहेत, एक १९२४ मधला आणि एक १९२५ मधला, आणि दोन्ही ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध. आपल्याच कॉलेजसोबत्यांना गोलंदाजी करायला काउंटीची टोपी घालून उतरलेला विद्यार्थी. विद्यापीठाच्या संघातून तो पहिल्यांदा खेळला ते त्याच्या पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये.

हे विचित्र वाटतं, पण त्या काळच्या रीतीत चपखल बसतं. हंगामाच्या सुरुवातीला काउंटी संघ विद्यापीठांशी खेळत, तेव्हा बरेचदा आपले मुरलेले व्यावसायिक खेळाडू बसवून ठेवत आणि जागा भरायला ओळखीपाळखीतले हौशी खेळाडू बोलावत. हौशी म्हणजे पगार न घेणारे, घरचं खाऊन खेळणारे. अर्लचा थोरला मुलगा, ईटनसारख्या बड्या निवासी शाळेतून आलेला, गोलंदाजीही टाकतो, फलंदाजीही करतो, आणि नाहीतरी ऑक्सफर्डमध्येच राहतो! असा गडी सोडतंय कोण?

विद्यापीठाच्या संघात मात्र जागा मिळणं सोपं नव्हतं. डनग्लास तिथे होता तेव्हा १९२३ च्या संघात डग्लस जार्डिन होता. हाच तो बॉडीलाइनवाला, म्हणजे फलंदाजांच्या अंगावर मारा करवणारा कर्णधार, जन्म मुंबईचा, मलबार हिलवरचा. ग्रेव्हिल स्टीव्हन्स होता. १९२५ मध्ये एरॉल होम्स आला. हे तिघेही पुढे इंग्लंडकडून कसोटी खेळले. अशा मंडळींच्या गर्दीत बाहेर राहिलेल्याला कमी लेखायचं कारण नाही. पण म्हणून न मिळालेला ब्लू त्याच्या अंगावर चढवायचंही कारण नाही.

'मिडलसेक्सचे हुकमी अष्टपैलू'

याचं उत्तर वर येऊन गेलंच. दोन सामने, दोन्ही विद्यार्थ्यांविरुद्ध. काउंटी चॅम्पियनशिपचा एकही सामना तो खेळला नाही. यॉर्कशायर नाही, लँकशायर नाही, सरे नाही. मिडलसेक्सच्या त्या काळातल्या फलंदाजीचा कणा पॅट्सी हेन्ड्रेन होता. डनग्लास त्या घरात पाहुणा म्हणून दोनदा जेवून गेला, एवढंच.

'सहा-सहा संघांना ते हवे होते'

संघ सहा होते हे खरं. मिडलसेक्स, ऑक्सफर्ड विद्यापीठ, एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब, लॉर्ड्‌स मैदानाचा मालक), फ्री फॉरेस्टर्स, हार्लेक्विन्स आणि एच. डी. जी. लेव्हसन-गोवरचा संघ. पण दहा सामन्यांत सहा संघ याचा अर्थ मागणी नव्हे, उलट कुठेच पाय न रुजणं. चांगल्या खेळाडूला एक संघ धरून ठेवतो.

यातली शेवटची तीन नावं आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसतात, म्हणून ती भारदस्त वाटतात. फ्री फॉरेस्टर्स हा हौशी खेळाडूंचा फिरता क्लब. त्यांना स्वतःचं मैदान नाही, निमंत्रण येईल तिथे जाऊन खेळायचं. हार्लेक्विन्स हा ऑक्सफर्डच्याच आजी-माजी खेळाडूंचा. जार्डिन जी रंगीबेरंगी टोपी घालून ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांचं डोकं फिरवायचा ती याच क्लबची. लेव्हसन-गोवर हे तर इंग्लिश क्रिकेटमधले यजमानच. पाहुण्यांचा संघ गोळा करायचा आणि विद्यापीठाला सामना द्यायचा हा त्यांचा आवडता उद्योग. असे संघ प्रथम श्रेणी सामने खेळत ते मुख्यतः ऑक्सफर्ड-केंब्रिजशीच, आणि त्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा मिळे तोही समोर ही विद्यापीठं आहेत म्हणून. कारण या दोन विद्यापीठांचे काउंटी दर्जाच्या संघांशी होणारे सामने प्रथम श्रेणीचे धरायचे, असा जुना दंडक होता. अगदी अलीकडे, गेल्या काही वर्षांत, विद्यापीठांचा हा दर्जा काढून घेतला गेला. तोवर इंग्लंडमधल्या कित्येक वकिलांच्या, पाद्र्यांच्या आणि खासदारांच्या नावापुढे 'माजी प्रथम श्रेणी क्रिकेटपटू' ही अक्षरं या दंडकामुळेच लागली.

हे सांगतोय ते त्याला कमी लेखायला नाही. रणजी करंडकात एखादा सामना खेळलेला माणूससुद्धा आपल्या गल्लीत आयुष्यभर 'रणजी प्लेयर' असतो आणि त्याने तसं असावंच. पण 'प्रथम श्रेणी' या शब्दांच्या मागे काय उभं होतं ते माहीत असलेलं बरं.

'इंग्लंडकडून तीन आंतरराष्ट्रीय सामने'

या दाव्यात सत्याचा अंश सगळ्यात जास्त आहे, म्हणून तो सगळ्यात फसवा आहे. १९२६-२७ च्या हिवाळ्यात एमसीसीचा एक संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार प्लम वॉर्नर, इंग्लंडचे माजी कर्णधार, वय पन्नाशी ओलांडलेलं. संघात डनग्लासचा ईटनमधला सहकारी गबी अ‍ॅलन, सॉमरसेटचा डावखुरा फिरकी गोलंदाज जॅक व्हाइट, डर्बीशायरचा गाय जॅक्सन, आणि डनग्लास. अर्जेंटिनाशी त्यांचे चार सामने झाले. एमसीसीने दोन जिंकले, अर्जेंटिनाने एक, एक अनिर्णित. डनग्लास त्यांतले तीन खेळला, आणि ते सामने प्रथम श्रेणीचे धरले जातात. म्हणजे त्याच्या दहांपैकी तीन सामने झाले ते ब्युनोस आयर्सच्या परिसरात.

अर्जेंटिना आणि क्रिकेट हे ऐकून कुणाला हसू येईल, पण तिथला खेळ पोरखेळ नव्हता. रेल्वे, बँका आणि मांसाच्या व्यापारासाठी गेलेल्या ब्रिटिशांनी तो तिथे नेला आणि हर्लिंगहॅमसारखे क्लब उभे केले. १९१२ मध्येच लॉर्ड हॉक एमसीसीचा संघ घेऊन तिथे जाऊन आले होते. वॉर्नरच्या संघासमोर अर्जेंटिनाकडून खेळणाऱ्यांत क्लेम गिब्सन होता, तोही ईटनचाच, आणि केंब्रिजचा. एका शाळेची पोरं अटलांटिकपल्याड जाऊन समोरासमोर उभी राहिली, असा तो मामला.

मग 'इंग्लंडकडून' हे कुठून आलं? त्या काळात इंग्लंडचा कसोटी संघ परदेशी जाई तो एमसीसी या नावानेच. कसोटीपुरतं नाव इंग्लंड, बाकीच्या सामन्यांत एमसीसी. ही पद्धत थेट १९७६-७७ च्या भारत दौऱ्यापर्यंत चालली. त्यामुळे 'एमसीसीचा दौरा' वाचलं की पुष्कळांच्या डोक्यात इंग्लंड येतं. पण एमसीसी तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे संघही जगभर पाठवत असे आणि हा दौरा त्यातलाच. त्या हिवाळ्यात इंग्लंड एकही कसोटी खेळलं नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये ओव्हलवर हॉब्स आणि सटक्लिफ यांच्या शतकांच्या जोरावर अ‍ॅशेस परत मिळवली, त्यानंतरची कसोटी थेट डिसेंबर १९२७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत.

आपल्यासाठी यातली मौजेची गोष्ट पुढे आहे. त्याच हिवाळ्यात एमसीसीचा दुसरा संघ आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आला होता. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर १ डिसेंबर १९२६ रोजी सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून ११ षटकार ठोकत १५३ धावा केल्या, ती खेळी याच दौऱ्यातली. आणि त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाकडून प्रा. दि. ब. देवधरांनी १४८ धावा काढल्या. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने एमसीसीच्या गोलंदाजीला घातलेला हा घाम मराठी क्रिकेटच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातोय. तरी देवधर कसोटी खेळले असं आपण कधी म्हणतो का? नाही म्हणत. भारताची पहिली कसोटी जून १९३२ मधली, लॉर्ड्‌सवरची, आणि देवधर त्या संघात नव्हते. गिलिगनच्या संघाविरुद्धचे सामने आपण 'अनधिकृत' म्हणतो आणि तिथेच थांबतो. तो संघ वॉर्नरच्या संघापेक्षा कितीतरी भारी होता, मॉरिस टेट त्यात गोलंदाजी टाकत होता. देवधरांना जो न्याय, तोच डनग्लासला. १४८ धावा काढणाऱ्याला कसोटीपटू म्हणायचं नाही आणि अर्जेंटिनाशी तीन सामने खेळणाऱ्याला 'इंग्लंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणायचं, हे काही पटत नाही.

'पाठीच्या क्षयाने आणि राजकारणाने भावी कर्णधाराला मुकलो'

तारखा मांडल्या की हा दावा आपोआप निकालात निघतो. शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९२७ मध्ये, वय चोविशीच्या आसपास. संसदेची पहिली निवडणूक लढवली १९२९ मध्ये, कोटब्रिजमधून, आणि हरला. खासदार झाला १९३१ मध्ये, लॅनार्कमधून. मणक्याचा क्षय निदर्शनाला आला १९४० मध्ये. शस्त्रक्रिया झाली, जवळपास दोन वर्षं प्लास्टरमध्ये अंथरुणावर काढली. आजार भयंकर होता आणि त्यातून उठून माणूस परराष्ट्रमंत्री आणि पंतप्रधान झाला, हे मोठंच. पण १९४० च्या आजाराने १९२७ मध्ये क्रिकेट कसं संपेल? राजकारणानेही ते संपवलं नाही. प्रथम श्रेणीतून बाहेर पडल्यावर खासदार व्हायला चार वर्षं मधे होती.

आणि इंग्लंडचं कर्णधारपद? सरासरी १६ ची फलंदाजी आणि ३० ची गोलंदाजी घेऊन तो कुणाची जागा घेणार होता? मध्यमगती गोलंदाजीत टेट होता, फलंदाजीत हॉब्स, सटक्लिफ, हेन्ड्रेन, वूली, आणि मागून वॉली हॅमंड येत होता. दक्षिण अमेरिकेच्या त्याच दौऱ्यातला गबी अ‍ॅलन २५ कसोटी खेळला, इंग्लंडचा कर्णधार झाला. जॅक व्हाइट १५ खेळला. निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिघेही होते, त्यांनी कुणाला उचललं ते दिसतंच.

त्याच्या क्रिकेटमध्ये खरं कौतुक करण्यासारखी जी खेळी आहे, ती मात्र फॉरवर्डमध्ये नाहीच. ती प्रथम श्रेणीतली नाही, शाळेतली आहे. ईटनमध्ये क्रिकेटचे शिक्षक होते जॉर्ज हर्स्ट. १९०६ च्या एकाच हंगामात दोन हजारांवर धावा आणि दोनशेंवर बळी घेणारा हा यॉर्कशायरचा खेळाडू, आजतागायत दुसऱ्या कुणाला ते जमलेलं नाही. १९२२ चा ईटन विरुद्ध हॅरो सामना लॉर्ड्‌सवर होता. हा दोन दिवसांचा शाळकरी सामना म्हणजे त्या काळी लंडनचा मोठा सोहळा, उंच टोप्या आणि छत्र्यांची गर्दी. त्या वर्षी पावसाने वाट लावली. मैदान पाण्याने थबथबलेलं, फटका मारला तरी चेंडू गवतात रुतून बसणारा. अशा वेळी जमिनीलगतच्या सुंदर फटक्याला किंमत उरत नाही, धाव पळूनच काढावी लागते किंवा चेंडू उचलून मारावा लागतो. त्या चिखलात डनग्लासने ६६ धावा काढल्या आणि मग आपल्या मध्यमगती आउटस्विंगवर ३७ धावांत ४ बळी घेतले. वय एकोणीस. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात चांगलं क्रिकेट बहुधा हेच. पुढच्या दहा सामन्यांत फलंदाजीतही आणि गोलंदाजीतही या आकड्यांच्या वर तो कधी गेला नाही.

शाळेत चमकलेला मुलगा पुढच्या पायरीवर साधारण ठरतो, हे आपण शिवाजी पार्कवर आणि आझाद मैदानावर किती वेळा पाहतो. त्यात क्षय नको की राजकारण नको.

'क्रिकेटकडे वळूनही पाहिलं नाही'

सगळ्यात चुकीचं हे, आणि लिहिण्यासारखंही सगळ्यात जास्त इथेच आहे. १९५१ मध्ये वडील गेल्यावर डनग्लास चौदावे अर्ल ऑफ ह्यूम झाले आणि संसदेच्या वरच्या, म्हणजे सरदारांच्या सभागृहात गेले. राजकारणात शिरल्यावरही ते 'लॉर्ड्स अँड कॉमन्स' या संसदीय संघाकडून खेळत राहिले. ऑक्टोबर १९६३ मध्ये पंतप्रधान झाल्यावर, संसदेच्या खालच्या सभागृहात बसता यावं म्हणून, त्यांनी अर्लपद सोडलं. योगायोग असा की इंग्लिश क्रिकेटनेही नेमक्या त्याच वर्षापासून 'जेंटलमन' आणि 'प्लेयर' हा भेद सोडला होता. तोवर हौशी खेळाडूंची आद्याक्षरं नावाच्या आधी छापत आणि पगारी खेळाडूंची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्‌सच्या ध्वनिक्षेपकावरून चक्क अशी दुरुस्ती जाहीर झाली होती की स्कोअरकार्डावर 'एफ. जे. टिटमस' असं छापलंय, ते 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. डनग्लासला ही भानगड कधी नव्हती. 'लॉर्ड' या शब्दातच सगळं आलं.

१९६४ ची निवडणूक ह्यूम थोडक्यात हरले आणि १९६६ मध्ये एमसीसीचे अध्यक्ष झाले. मावळत्या अध्यक्षाने पुढचा अध्यक्ष सुचवायचा ही तिथली रीत. ह्यूम यांच्यानंतर अध्यक्ष झाले आर्थर गिलिगन, तेच ते, १९२६ मध्ये हिंदुस्थानात संघ घेऊन आलेले. खजिनदार होते गबी अ‍ॅलन. म्हणजे त्या एका हिवाळ्यात दोन दिशांना गेलेली मंडळी चाळीस वर्षांनी एका टेबलाभोवती बसली होती, आणि त्यांच्यासमोर आला बेसिल डॉलिव्हेराचा प्रश्न.

डॉलिव्हेरा केपटाऊनचा, गोरा नसलेला, म्हणून मायदेशात संधी नाकारलेला आणि इंग्लंडकडून कसोटी खेळणारा. १९६८-६९ मध्ये इंग्लंडचा दौरा होता दक्षिण आफ्रिकेचा. एमसीसीने जानेवारी १९६८ मध्ये तिथल्या क्रिकेट मंडळाला पत्र लिहून विचारलं की आम्ही निवडू त्या प्रत्येक खेळाडूला तुम्ही येऊ देणार का? उत्तर आलं नाही. ह्यूम त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेला जाणार होते, तिथे ते पंतप्रधान व्होर्स्टर यांना भेटले. परत येऊन त्यांनी एमसीसीला सल्ला दिला की आत्ताच उत्तराचा आग्रह धरू नका. एमसीसीने ऐकलं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध डॉलिव्हेराने १५८ धावा केल्या आणि तरी दौऱ्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं. गदारोळ झाला. सप्टेंबरमध्ये टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला, त्याच्या जागी डॉलिव्हेराला घेतलं, आणि व्होर्स्टरनी हा संघ आम्हाला नको म्हणून सांगितलं. दौरा रद्द. जानेवारीत जे उत्तर ठामपणे मागायला हवं होतं ते सप्टेंबरमध्ये सगळ्या जगासमोर तोंडावर फेकलं गेलं. माझ्या मते ह्यूम यांचा तो सल्ला चुकीचा होता. मुरब्बी मुत्सद्द्याचा तो सल्ला होता, भिडू नका, वेळ काढा, निघेल मार्ग. परराष्ट्र खात्यात हे खपतं. इथे मधल्या आठ महिन्यांची किंमत एका खेळाडूने मोजली.

त्या डिसेंबरमध्ये याच प्रकरणावरून एमसीसीच्या सभासदांची खास सभा झाली. समितीविरुद्ध उभे राहिले ते डेव्हिड शेपर्ड आणि त्यांना अनुमोदन देणारा माइक ब्रेअर्ली. दोघेही केंब्रिजचे माजी कर्णधार, दोघेही खरोखरचे ब्लू. शेपर्ड २२ कसोटी खेळलेले आणि धर्मोपदेशक झालेले. ब्रेअर्ली तेव्हा अजून कसोटी खेळला नव्हता. मतदानात ते हरले. विद्यापीठ क्रिकेटमधून आलेल्या माणसांनी काय केलं याची गोष्ट सांगायची असेल तर ती या सभेपासून सुरू करावी.

'आपल्या नेत्यांपर्यंत पोचवा' हेही जरा गमतीचंच. मैदानापेक्षा मंडळाच्या बैठकीत जास्त धावा काढणारे राजकारणी महाराष्ट्राला नवीन आहेत का? शरद पवार मुंबई क्रिकेट संघटनेचे, मग बीसीसीआयचे, मग आयसीसीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या घरातले कसोटीपटू म्हणजे सासरे सदू शिंदे, सात कसोटी खेळलेले लेगस्पिनर. ह्यूम यांचं क्रिकेटमधलं वजन याच जातीचं होतं, फक्त त्यांच्या खात्यात दहा सामने जमा होते.

'नोंदी सापडत नाहीत'

सापडतात. एकूण एक सामना नोंदलेला आहे, विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथातही आणि आंतरजालावरच्या स्कोअरकार्डांच्या संग्रहांतही. शोधणारे 'डग्लस-ह्यूम' टाकतात आणि हात हलवत परत येतात, कारण त्या नावाने तो माणूस प्रथम श्रेणीत कधी खेळलाच नाही. १९५१ मध्ये त्याचं नाव बदललं, १९६३ मध्ये पुन्हा बदललं, १९७४ मध्ये तहहयात सरदारकी मिळाल्यावर आणखी एकदा. 'लॉर्ड डनग्लास' असं शोधा, दहाच्या दहा सामने समोर येतात, मिडलसेक्सच्या त्या दोन सामन्यांसकट.